भरतकामाचा गट सुरू करताय? कार्यशाळा कमी, बैठका जास्त

प्रश्न असा आला आहे: "धायरीला आमच्या सोसायटीत आठ-दहा जणींना भरतकामाची आवड आहे. गट सुरू करायचा म्हणतोय. दर महिन्याला एक नवी कार्यशाळा घ्यावी असं ठरतंय. कोणते प्रकार घ्यावेत, फी किती ठेवावी, साहित्य कुठून आणावं, आणि पहिल्या दिवशी नेमकं काय करावं?"

ताई, दर महिन्याला नवी कार्यशाळा हा बेत आधी बाजूला ठेवा. मी हे अनुभवाने पोळून सांगते आहे. पुण्यातच कर्वेनगरात आम्ही गट सुरू केला तेव्हा पहिल्या वर्षात अकरा कार्यशाळा घेतल्या. जानेवारीत बंगालचा कांथा, फेब्रुवारीत पंजाबची फुलकारी, मार्चमध्ये चिकनकारी, अशी आमची गाडी सुसाट होती. वर्ष संपलं तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत अकरा अर्धवट तुकडे, आणि एकीलाही एक प्रकार धड येत नव्हता. लखनौच्या कारागीर बायका चिकनकारीतले चार-दोन टाके घेऊन त्यांतच आयुष्यभर हात घोटतात. आम्ही तीन तासांत चिकनकारी "उरकली" होती. फुलकारीचं तर विचारूच नका. ती जाड खादीवर मागच्या बाजूने, कापडाचे धागे मोजून भरायची असते. आम्ही पुढून छापील फुलं भरत बसलो आणि त्याला फुलकारी म्हणालो.

दुसऱ्या वर्षी निम्म्या जणी गळाल्या. कारण विचारलं तर एकीने सरळ सांगितलं, "मागचंच झालं नाही, नवीन कशाला शिकायला येऊ? लाज वाटते." तिथून आम्ही गाडी उलटी फिरवली. आता दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेपाच बैठक असते. तिथे कुणी शिक्षक नसतो, विषय नसतो. आपापलं काम घेऊन यायचं आणि बसायचं. कार्यशाळा वर्षातून चार, फार तर पाच. आणि कार्यशाळेनंतरच्या तीन बैठकांत तेच काम पुढे न्यायचं, नवीन काढायचं नाही. हा एक नियम पाळला तर गटाची निम्मी दुखणी होतच नाहीत.

बैठकीत खरं शिकणं होतं ते शेजारणीच्या हाताकडे बघून. देठ टाक्यात दोरा सुईच्या कुठल्या बाजूला ठेवायचा हे मी पंचवीस वर्षं चुकत होते. दर टाक्याला बाजू बदलायची, आणि मग माझ्या वेलीची दांडी दोरीसारखी पिळदार दिसण्याऐवजी करवतीसारखी दिसायची. कुठल्याच वर्गात कुणी हटकलं नव्हतं. बैठकीत शेजारी बसलेल्या सत्तरीच्या काकूंनी चष्म्यावरून बघत एवढंच म्हटलं, "अगं, दोरा एकाच अंगाला ठेव की." बैठकीत दर खेपेला एकीने आपल्या कामाची मागची बाजू दाखवायची अशीही पद्धत पाडा. सुरुवातीला सगळ्या लाजतात. पण गाठी कुठे मारल्या, दोरा एका फुलावरून दुसऱ्यावर किती लांब ओढत नेला, हे सगळं मागेच कळतं. पुढची बाजू काय, कौतुकासाठीच असते.

जागेबद्दल थोडक्यात. सोसायटीचा हॉल असेल तर उत्तम, पण उजेड बघून घ्या. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणं हीच मोठी कसरत असते. खिडकीकडे डावा खांदा करून बसायचं (डावखुऱ्या असाल तर उजवा), म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. पावसाळ्यात पुण्याची दुपार इतकी अंधारी असते की दोघींत एक टेबललॅम्प लागतोच. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे बैठक ठेवूच नका, कुणी येत नाही आणि उगाच मन खट्टू होतं.

आता कार्यशाळा. तीन तास, बारा जणी, एक शिकवणारी आणि तिच्या हाताखाली एक. बारापेक्षा जास्त घेतल्या की शेवटच्या रांगेतलीचा टाका चुकल्याचं कळेपर्यंत ती अर्धी ओळ भरून बसलेली असते, आणि उसवायला लावलं की तिचा चेहरा पडतो. एका कार्यशाळेत एकच टाका किंवा एकाच घराण्याचे दोन टाके. घरी जाताना हातात पुरी झालेली एक वस्तू हवी, मग ती चार इंचांची का असेना. वाचनखूण करा, बटव्याचा तुकडा करा, काहीही चालेल.

उदाहरण म्हणून कसुतीची कार्यशाळा सांगते, कारण ती आमची सगळ्यात चांगली झालेली आणि सगळ्यात आधी फसलेली. कसुती मूळची धारवाड-हुबळीकडची, पण आपल्याकडे घराघरात इरकल साड्या असल्यामुळे ती परकी वाटत नाही. माझ्या सासूबाई बेळगावच्या. त्यांच्या काळ्या चंद्रकळेवर तुळशीवृंदावन आणि हत्ती होते, तेच बघून मला ओढ लागली. कसुतीत चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे जाताना धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधली रिकामी जागा भरत यायचं. मुरगीही तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी. या दोन्ही टाक्यांत पुढची आणि मागची बाजू सारखी दिसायला हवी, म्हणून गाठ मारायची नाही. नेगी विणकामासारखी दिसते, आणि मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका.

पहिल्या वेळी मी हौसेने सगळ्यांना इरकलीचे तुकडे दिले. काळं कापड, बारीक सूत, धागे मोजायचे. अर्ध्या तासात तिघींचं डोकं दुखायला लागलं. आता नवशिक्यांना मॅटी देते (जाड विणीचं, धागे सहज मोजता येणारं कापड), नाहीतर चौदा काउंटचं आयडा कापड, म्हणजे एका इंचात चौदा घरं. बेचाळीस घरांचं वृंदावन बरोबर तीन इंचांत बसतं. सुई बोथट टोकाची, चोवीस नंबरची, म्हणजे ती धागा फाडत नाही, घरातूनच जाते. पहिला पाऊण तास सुई हातात द्यायचीच नाही. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने वाट काढायची: कुठून निघायचं, फांदी आली की तिच्यात शिरून परत मुख्य रस्त्यावर कसं यायचं, परतीला कुठली घरं रिकामी सापडायला हवीत. तुळशीबागेतल्या बोळांतून गाडी काढण्यासारखंच आहे ते, आत शिरण्याआधी बाहेर कुठून पडायचं ते माहीत हवं. ही वाट कागदावर जमली की कापडावर हात आपोआप चालतो. आणि एक टाका जरी मोजण्यात चुकला तरी परतीच्या वाटेवर ते कळतंच, कारण घरं जुळत नाहीत. मग उसवायचं, दुसरा इलाज नाही.

चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर हात बसलेल्या जणींनी खऱ्या काळ्या कापडावर यायचं. तेव्हा मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. खालचा पांढरा रंग विणीतल्या फटींतून दिसतो आणि धागे मोजता येतात. ही एवढीशी युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर एक चष्म्याचा नंबर वाचला असता. आम्ही हे दुसरं सत्र जानेवारीत ठेवतो, संक्रांतीच्या आसपास. त्या दिवसांत काळं कापड नेसायला, भरायला कुणाचीच ना नसते.

सिंधी टाक्यासाठी आम्हाला शिकवणारी पिंपरीला मिळाली. फाळणीनंतर तिथे सिंधी वस्ती उभी राहिली हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्या आजींनी त्यांच्या आईकडून घेतलेला टाका आम्हाला दिला. आधी हेरिंगबोनचा, म्हणजे तिरके दोरे एकमेकांना छेदत जाणाऱ्या टाक्याचा, सांगाडा कापडावर घालायचा, मग दुसऱ्या दोऱ्याने कापडाला न टोचता, नुसतं त्या सांगाड्याच्या वरून-खालून जात विणायचं. टोक अडकू नये म्हणून सुई उलटी धरायची, नेढं पुढे. आजी म्हणाल्या होत्या, "पोरींनो, कापडाला हात लागला की संपलं." वीस मिनिटांत त्यांचं एक फूल झालं, आमची दुपार गेली. सांगायचा मुद्दा, बाहेरची तज्ज्ञ आणायच्या आधी आपल्याच शहरात कुणाच्या आजीच्या हातात काय आहे ते बघा. मानधन मात्र द्या. "आवड म्हणून या" असं म्हणून फुकट बोलावू नका, वयाने मोठ्या बाईला तर मुळीच नाही.

साहित्य. कापड ताणून धरायच्या रिंगा, सुया, रेशीम (भरायच्या दोऱ्याला आम्ही रेशीमच म्हणतो) तुळशीबागेत मिळतं. काठ, लेस, मणी, टिकल्या घाऊक हव्या असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीकडे जा. एकटीने जाऊ नका, दोघी जा, कारण एक जण भुलते आणि दुसरी हिशेब ठेवते. रेशमाचा हिशेब बायका फार जास्तीचा करतात, म्हणून आकडा सांगते. सहा पदरी दोऱ्याची एक लडी साधारण आठ मीटरची असते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर सतरा तुकडे निघतात. दोन-दोन पदरांनी भरलं तर एका तुकड्याच्या तीन सुया. म्हणजे एका लडीत एक्कावन्न वेळा सुई ओवून होते. तीन तासांत नवशिकी बाई एका रंगाच्या दहा-बारा सुयांवर जात नाही. तेव्हा प्रत्येकीला पाच रंगांच्या पाच लड्या देऊ नका, चौघींत एका रंगाची एक पुरते. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो हा गैरसमज आहे. तो दर टाक्याला कापडातून घासत जातो, पिंजतो आणि गुंततो. पदर वेगळे करताना एकेक ओढून काढा आणि मग दोन एकत्र करा, दोन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग भरलेलं फूल आक्रसून त्याची मिरची होते. लाल, काळा आणि गर्द निळा दोरा आधी तपासा: ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासायचा, रंग उतरला तर बाजूला. आम्ही एकदा हे केलं नाही. स्वस्तात मिळाला म्हणून बिननावाचा लाल दोरा घेतला, आठ जणींनी मिळून तोरण भरलं, आणि पहिल्या धुण्यात पांढऱ्या मांजरपाटावर गुलाबी ढग आले. ते तोरण अजून माझ्याकडे आहे. नव्या मुलींना दाखवायला.

नक्षी उतरवण्याबद्दल. निळं पाण्याने जाणारं पेन सोयीचं, पण एक पथ्य: धुण्याआधी इस्त्री लावायची नाही. उष्णतेने ती शाई तपकिरी होते आणि कायमची बसते. आमच्या एकीने नातीच्या बारशासाठी कुंची भरली, शेवटच्या रात्री घाईत इस्त्री फिरवली आणि सकाळी रडत फोन केला. दुसऱ्या जातीची पेनं इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जातात. ती पुण्यात चालतात, पण गोठवणाऱ्या थंडीत त्यांची रेघ परत उमटू शकते, तेव्हा कॅनडातल्या नातवासाठी दुपटं भरणार असाल तर जपून. काळ्या कापडाला मी अजून जुनीच पद्धत वापरते: ट्रेसिंग पेपरवर नक्षीच्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, खालची खरखरीत बाजू हलकी घासून घ्यायची, मग पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवायची. वास येतो, पण एक खाका पन्नास वेळा चालतो. रॉकेल मिळत नसेल तर पिवळा कार्बन आहेच.

फी जरूर ठेवा. एकदा आम्ही फुकट कार्यशाळा घेतली. नावं तीस आली, माणसं अकरा. साहित्य तिसांचं आणलेलं. आता साहित्याचा खर्च, शिकवणारीचं मानधन, चहा आणि हॉलचं भाडं यांची बेरीज करून दहाने भागते, बाराने नाही. दोघी आयत्या वेळी गळतातच. पैसे आधी घ्यायचे. बैठकीला मात्र फी नको, महिन्याची किरकोळ वर्गणी पुरते. नोंदणीची घाईही नको. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सात जणी असल्या की संस्था नोंदवता येते, पण मग धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, हिशेबतपासणी, ठराव हे सगळं मागे लागतं. देणग्या घ्यायच्या नसतील तर एक वही आणि एक काटेकोर खजिनदार बस.

कार्यशाळेशिवायचे उपक्रम हा खरा माझ्या आवडीचा भाग. सगळ्यात रंगलेला होता ट्रंकेचा दिवस. प्रत्येकीने घरातलं एक जुनं भरतकाम आणायचं. उशांचे अभ्रे आले, त्यांवर मोर आणि "शुभ रात्री". फुलीच्या टाक्याचा फ्रेममधला कुत्रा आला, मण्यांचा बाळकृष्ण आला, चंची आली. एक काकू रुमाल घेऊन आल्या, त्यावर त्यांच्या आजेसासूबाईंनी काजटाक्याची कड घातली होती, टाके इतके सारखे की आम्ही पट्टी लावून मोजले. प्रत्येक तुकड्याची नोंद केली: कुणी भरलं, साधारण कधी, कापड कोणतं, टाके कोणते, आणि मागच्या बाजूचाही फोटो. जुनं भरतकाम घडी घालून ठेवत असाल तर आजच थांबवा. घडीच्या रेघेवरच ते आधी विरतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, सुरळी करून ठेवायचं, आणि डागांना ब्लीच लावायचं नाही. डागासकट जपा.

त्यानंतर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गटाने जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वस्त्रं, भांडी गोळा केली आणि १९६२ साली तो संग्रह सरकारच्या हाती सोपवला. आपण वस्त्रांच्या दालनात जायचं, घाई करायची नाही, पाच वस्तू निवडायच्या आणि वहीत टाका काढायचा. फोटोपेक्षा हाताने काढलेली रेघ जास्त शिकवते, कारण काढताना कळतं की आपल्याला नीट दिसलंच नव्हतं.

एकत्र गोधडी करायची असेल तर माप एकच ठेवा: प्रत्येक चौकोन कापताना आठ इंच, पुरा झाल्यावर सहा. चोवीस चौकोन झाले की चार बाय सहाची मांडणी, म्हणजे दोन फूट बाय तीन फूट, बाळाला पुरेशी. कापड सगळ्यांना एकाच ताग्यातलं द्या आणि रंग पाचच. "जिला जे आवडेल ते" म्हणालात तर बाजारातल्या पिशव्यांचा ढीग तयार होतो. आणि दोन चौकोन जास्तीचे करून ठेवा, कुणीतरी घर बदलतं.

तरुण मुलं आणायची असतील तर दुरुस्तीची दुपार ठेवा. फाटकी जीन्स, कुरतडलेला स्वेटर, आजोबांचा शर्ट. त्यांना फुलं भरण्यात रस नसतो, पण रफू करताना आडवे-उभे धागे एकमेकांत विणून भोक बुजताना बघून डोळे मोठे होतात. त्यातला एक मुलगा आता दर गुरुवारी येतो.

३० जुलैला जागतिक भरतकाम दिन असतो. २०११ साली स्वीडनच्या भरतकाम करणाऱ्यांनी तो सुरू केला, मोकळ्या हवेत बसून भरायचं अशी कल्पना. त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो. आम्ही एकदा उत्साहाने बागेत बसलो आणि दहा मिनिटांत रिंगा पदराखाली घेऊन पळालो. तुम्ही जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये बसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन-दोन टाके घालायला द्या. सभासद तिथूनच मिळतात.

ब्लाउजवरच्या आरी कामाची (टोकाला आकडा असलेल्या सुईने करायच्या भरतकामाची) मागणी तुमच्याकडे लगेच येईल. शिकायला हरकत नाही, त्यावर घर चालवणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पण त्याला ताणलेली मोठी चौकट लागते, महिनोन्महिने हात लागतो, तो वेगळा वर्ग आहे. गटात मिसळू नका.

ऑर्डरींपासून तर चार हात लांब. एकदा रुखवतासाठी साठ रुमालांची ऑर्डर घेतली. सहा जणींनी वाटून घेतले. एकीचे वीस झाले, एकीचे चार, लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना टाके "सारखे नाहीत" असं वाटलं आणि पैसे निम्मेच मिळाले. ते वाटताना दोघींचं जे बिनसलं, ते आजही पूर्ण निवळलेलं नाही. ज्यांना कमवायचंय त्यांनी आपल्या नावावर कमवावं, गटाच्या नको.

राहता राहिला पहिला दिवस. भाषण नको, ओळखपरेडही नको. बारा इंचांचे मांजरपाटाचे धुतलेले तुकडे, सहा इंची रिंगा, आठ नंबरच्या सुया, तीन रंगांच्या तीन-तीन लड्या. प्रत्येकीने तुकड्यावर आपलं नाव पेन्सिलीने लिहायचं, आपल्या अक्षरात, आणि ते देठ टाक्याने भरायचं. मराठी अक्षरांत वळणं भरपूर, त्यामुळे टाका लहान का घ्यायचा हे सांगावं लागत नाही. "ज्ञ" असलेल्या बाईला जरा जास्त वेळ द्या. झालेले तुकडे परत गोळा करून ठेवा, वर्षभराने तेच नाव त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्या. सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या, हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी मुलं अनवाणी खेळतात. आणि चहा कापडं आवरल्यावरच मागवा.